कॅप्टन अमेरिकेची चोरी माफ, पण सांतोचं काय?

दुपारचा_खेळ
काल ‘युच देव आदाम’ दुसऱ्यांदा पाहिला. १९७३ चा तुर्की सिनेमा, दिग्दर्शक टी. फिक्रेत उचाक. ‘युच’ म्हणजे तीन, ‘आदाम’ आपल्या आदमीतला, आणि तुर्कीत ‘देव’ म्हणजे चक्क महाकाय राक्षस! (फारसीतल्या ‘दीव’वरून. आपले देव तिकडे गेले की राक्षस होतात.)

इस्तंबूलमध्ये स्पायडर-मॅन खोट्या डॉलरची टोळी चालवतो. हो, इथे तो खलनायक आहे. त्याला धरायला येतात कॅप्टन अमेरिका आणि मेक्सिकोचा मुखवटेवाला पैलवान सांतो. परवानगी कुणाचीच नाही. कॅप्टनकडे ढाल नाही. स्पायडर जाळं टाकत नाही, त्याच्या झुपकेदार भुवया मात्र मुखवट्यातून बाहेर डोकावतात. सुरुवातीलाच एका बाईला समुद्रकाठच्या वाळूत गळ्यापर्यंत पुरून तो तिच्या तोंडावर बोटीचा पंखा घालतो. मुलांना घेऊन बसू नका.

लोक याला ‘चोरीचा माल’ म्हणून हसतात. माझं म्हणणं, चोरलं काय? तीन नावं नि तीन पोशाख. बाकी सगळा अस्सल इस्तंबुली मारधाडपट आहे.

कलम_कसाई
असहमत. पोस्टरवर नावं तीच होती ना? मग तिकिटं कशावर खपली, उचाकसाहेबांच्या कॅमेऱ्यावर? आणि ‘तेव्हा कायदाच नव्हता’ हे कुणी सांगायच्या आत सांगतो: तुर्कस्तानात १९५१ पासून कॉपीराइट कायदा आहे आणि १९५२ पासून तो देश बर्न करारात, म्हणजे एकमेकांच्या लेखक-कलावंतांचे हक्क पाळण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. माहीत असून केलेली चोरी आहे ही.

दुपारचा_खेळ
कायदा होता, विचारत कोण होतं? आणि बर्नचं काढलंतच तर हेही घ्या: अमेरिका स्वतः बर्नमध्ये आली १९८९ मध्ये. १८९१ पर्यंत परदेशी लेखकाला तिथे संरक्षणच नव्हतं, डिकन्सची पुस्तकं खुशाल छापून विकत होते. चोर तो वर शिरजोर.

बेयोलूची_गल्ली
थोडी पार्श्वभूमी. इस्तंबूलच्या बेयोलू भागातल्या येशिलचाम गल्लीवरून तिथल्या सिनेधंद्याला येशिलचाम म्हणत. १९७२ च्या सुमारास वर्षाला तीनशेच्या आसपास सिनेमे निघत. पैसा प्रांतोप्रांतीच्या वितरकांचा, तोही रोख कमी आणि हुंड्या जास्त. मग ‘अमुक हिरो हवा, इतक्या मारामाऱ्या हव्यात’ अशी ऑर्डर तेच देणार. कच्ची फिल्म बाहेरून यायची आणि परकीय चलनाची बोंब. म्हणून रिटेक टाळायचा, आवाज नंतर डब करायचा, पार्श्वसंगीत परदेशी रेकॉर्डवरून उचलायचं. शिलाई मशीनवर कॅप्टन अमेरिका बेतणारा माणूस मला तरी चोर वाटत नाही.

कलम_कसाई
गरिबी हे कारण झालं, परवाना नव्हे. जिथे परक्याचा हक्क पाळत नाहीत तिथे घरच्या पटकथाकाराचा कोण पाळणार?

लाल_माती
तुम्ही दोघं मार्व्हल कॉमिक्सच्या त्या दोन हिरोंवरून भांडताय. सांतोकडे कुणी बघेल का?

मी कुस्तीवाला, म्हणून मला तेच खुपलं. स्पायडर-मॅन कागदावरचा. सांतो हाडामांसाचा माणूस, रोडोल्फो गुस्मान हुएर्ता. १९७३ मध्ये तो हयात होता आणि स्वतः सिनेमांत काम करत होता. मेक्सिकोच्या त्या कुस्तीत मुखवटा हीच पैलवानाची इभ्रत. मुखवटा पणाला लावून हरला तरच तो उतरतो. सांतोनं तो आयुष्यभर सांभाळला, जानेवारी १९८४ मध्ये टीव्हीवर जेमतेम वर केला, पुढच्याच महिन्यात गेला आणि मुखवट्यासकट पुरला गेला. आणि या सिनेमात त्याचा सोंगाड्या येता-जाता टोपी काढावी तसा मुखवटा काढतो!

मार्व्हलचं दोन पैशांचं नुकसान मला माफ आहे. पण हे म्हणजे जिवंत पैलवानाचा लंगोट दांडीवरून पळवून त्यानं घर पुसण्यासारखं झालं.

तात्यांचा_भाचा
लाल_माती, मुद्दा जबरी. पण मंडळी, बाहुल्यात गुंडाचा आत्मा शिरतो हा अमेरिकी सिनेमा १९८८ चा आणि आपला ‘झपाटलेला’ १९९३ चा. तात्या विंचूला आपण कधी परवाना विचारला?

कलम_कसाई
तात्या विंचू हे नाव कुठल्या अमेरिकनाचं होतं? कल्पना घेणं वेगळं, नावानिशी माणूस पळवणं वेगळं. फरक तिथेच आहे.

दुपारचा_खेळ
कलम_कसाई, पटलेलं नाही. स्पायडरच्या भुवयांवर कुणाचाही मालकी हक्क नाही, त्या शंभर टक्के तुर्की आहेत.

लाल_माती, तुम्हाला मात्र उत्तर नाही माझ्याकडे. तो मुखवटा उतरतो ते प्रसंग दोन्ही वेळा मी हसतच पाहिले होते. आज रात्री तेवढेच पुन्हा लावून बघतो.

लाल_माती
बघा. आणि बघताना मुखवटा काढल्यावर तो केस सारखे करतो का तेवढं सांगा, माझी पैज लागलीय.