'ड्रीमटाइम'ला मराठीत काय म्हणावं?

अवंतिका: मेलबर्नहून आमच्या मंडळाची सहल ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातला उलुरू खडक बघायला चाललीय. बरेचसे आईबाबा पुण्या-नाशिकहून आलेले, म्हणून मराठीत दोन पानांचं माहितीपत्रक करतेय. तिथल्या मूळ लोकांच्या सृष्टिकथांना इंग्रजीत 'ड्रीमटाइम' म्हणतात, त्यापाशी अडले. 'स्वप्नकाळ' कानाला कसंतरीच वाटतं. 'दंतकथा' लिहू का? आणि ॲबोरिजिनल म्हणजे 'आदिवासी' चालेल?

रानवाट: 'स्वप्नकाळ' नकोच. फ्रँक गिलन आणि बॉल्डविन स्पेन्सर या अभ्यासकांनी १८९६ साली अरंदा लोकांच्या 'अल्चेरिंगा'ला दिलेल्या इंग्रजी पर्यायाचं ते भाषांतर. अरंदा ॲलिस स्प्रिंग्जकडचे. उलुरूच्या लोकांची भाषा वेगळी, त्यांचा शब्द 'चुकुर्पा'. सृष्टी कशी घडली, पूर्वज कुठून कुठे गेले, कोणाचं कोणाशी लग्न व्हावं, रान कधी जाळावं, हे सगळं त्यात येतं. आणि ते आजही लागू आहे. 'काळ' म्हटलं की गोष्ट संपल्यासारखी वाटते.

भालचंद्र: मग 'धर्म' म्हणा की. शेजारधर्मातला, राजधर्मातला.

अवंतिका: काका, अर्थ पटतो. पण पत्रकात 'धर्म' दिसला की अर्धी मंडळी हळदकुंकू घेऊन निघतील.

रानवाट: 'दंतकथे'त तर त्याहून मोठी अडचण आहे. दंतकथा कुणीही कुणालाही सांगावी, वर मीठमसाला लावावा. चुकुर्पातलं काही फक्त बायकांनी जाणायचं असतं, काही फक्त पुरुषांनी, काही वयानुसार. पाहुण्यांच्या वाट्याला येतं ते साधारण मुलांना सांगतात तेवढं. म्हणून गाइड मध्येच थांबला तर 'पुढे काय झालं?' म्हणून पिच्छा पुरवू नये. खडकाच्या काही भागांचे फोटो काढू नयेत अशा पाट्या आहेत, त्याही याचसाठी: तिथल्या खाचाखोचा म्हणजेच ती कथा, आणि ती त्या जागी उभं राहूनच पाहायची. तिथले लोक स्वतः चुकुर्पाला इंग्रजीत 'लॉ' म्हणतात. मी 'चुकुर्पा' तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे 'पूर्वजांनी घालून दिलेला कायदा' असं लिहीन.

मीनल_ठाणे: 'आदिवासी' वाचल्यावर आपल्याकडे वारली-कातकरी डोळ्यांसमोर येतात, 'मूलनिवासी' म्हटलं की इथलं राजकारण. सरसकट शब्दच कशाला? १७८८ साली ब्रिटिश वसाहत झाली तेव्हा त्या खंडात अडीचशेहून जास्त भाषा होत्या. उलुरूच्या लोकांना 'आणङु' लिहा, मेलबर्नच्या मूळ लोकांबद्दल लिहाल तेव्हा 'वुरुंजेरी'. एकंदर सगळ्यांबद्दल बोलायचं तर 'ॲबोरिजिनल लोक' ठीक आहे. 'ॲबोरिजिनी' हे जुनं नाम मात्र टाळा, आता ते अपमानास्पद वाटतं.

भालचंद्र: आणङु? ण आणि ङ दोन्ही? छापताना चूक झाली की काय!

मीनल_ठाणे: नाही हो, उच्चार तसाच आहे. रोमन लिपीत त्या 'न'खाली रेघ मारून मूर्धन्य दाखवतात, 'ल'चंही तसंच. इंग्रजांची जिथे बोबडी वळते तिथे आपण ण आणि ळ सहज म्हणतो. निदान नाव तरी नीट घ्या म्हणावं!

रानवाट: 'चढाई' हा शब्दही गाळा. २६ ऑक्टोबर २०१९ पासून वर चढायला बंदी आहे. १९८५ साली त्याच तारखेला ती जमीन आणङुंना परत मिळाली होती. चढणाऱ्या पर्यटकांना ते 'मिंगा' म्हणायचे, म्हणजे मुंग्या. पायथ्याची प्रदक्षिणा साडेदहा किलोमीटरच्या आसपास भरते; ज्येष्ठांसाठी त्यातला माला वाटेचा तुकडा पुरे.

अवंतिका: 'प्रदक्षिणा' लिहू की 'फेरी'?

भालचंद्र: फेरी. नाहीतर येईल पुन्हा हळदकुंकू. आणि खडे उचलू नका हेही ठळक लिही. नर्मदेतला गोटा देव्हाऱ्यात ठेवणारी माणसं आपण, इथलाही एखादा खिशात जाईल.

रानवाट: जातातच. मग घरी गेल्यावर मन खातं आणि लोक ते टपालाने परत पाठवतात. उद्यानवाले त्यांना 'सॉरी रॉक्स' म्हणतात. याला मराठी शब्द सुचवा कुणीतरी.

मीनल_ठाणे: 'माफीचे धोंडे'.

अवंतिका: घेतला! मथळाच तो देते.