त्यात काय एवढं?

'घरच्यांचं कौतुक प्रेमापोटी असतं, ते मनावर घेऊ नये' असं बरेच जण म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. त्यात आपण पुणेकर. तोंडावर कौतुक करणाऱ्याचं आपल्याकडे नक्की काहीतरी काम असणार!

परवा पर्वती चढताना बहिणीला म्हटलं, माझ्यात सांगण्यासारखं काही नाही गं. ती पायरीवरच थांबली. "ताई, बाबा आजारी होते तेव्हा औषधांच्या वेळा वहीत कोण लिहायचं? शेजारच्या आजींचं लाइटचं बिल कोण भरतं?" मी म्हटलं, त्यात काय एवढं. तर म्हणे, "तुला तसं वाटतं, म्हणूनच दिसत नाही."

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये 'जोहारी खिडकी' ही स्वतःला ओळखण्याची चौकट मांडली (नाव दोघांच्या नावांतून जुळवलेलं). तिच्या चार खान्यांपैकी एक असतो इतरांना दिसणाऱ्या, पण आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टींचा. आपण तिथे फक्त दोष असतील असं धरून चालतो.

जवळच्यांना 'मी कशी आहे?' विचारू नका, गोलगोल उत्तर मिळतं. एखादा प्रसंग विचारा.

काल ती वही काढून पाहिली. एकही वेळ चुकलेली नाही. अक्षर मात्र भयंकर.