शब्दचर्चा : ‘क्विक ब्रेड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

इंग्रजीतल्या काही बेकिंगच्या पाककृती घरातल्या मोठ्या मंडळींसाठी मराठीत उतरवते आहे. न्याहारीला चालतील असे फळांचे साधे केक, बनाना ब्रेड, मफिन, स्कोन (चहाबरोबर खायचे छोटे, खुसखुशीत गोल ब्रेड) असा सगळा मामला. ‘केक’, ‘मफिन’ तसेच ठेवलेत, त्यांना हात लावायचा नाही. पण ‘क्विक ब्रेड’पाशी गाडी अडली. ‘झटपट पाव’ म्हणावं, तर काकूंचा लगेच प्रश्न : "झटपट कसला? तासभर ओव्हनमध्ये ठेवायचा म्हणतेस ना?" त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

शिवाय बॅटर, क्रीमिंग, फोल्ड, क्रम्ब, लेव्हनिंग एजंट हेही आहेतच. कोशातले जडजंबाल शब्द नकोत. ओट्यापाशी उभं राहून मोठ्यानं वाचता येतील असे सुचवा.

प्रतिसाद १

बिनयीस्टचा पाव. सरळ आहे, कळतो.

प्रतिसाद २

काकूंचा आक्षेप रास्त आहे, पण त्यातली ‘क्विक’ची गोम भाजण्याच्या वेळेत नाही. ती त्याआधीच्या वाट पाहण्यात आहे. यीस्टचा पाव करायचा तर पीठ मळा, झाकून ठेवा, फुगू द्या, पुन्हा दाबा, पुन्हा फुगू द्या. तास-दोन तास सहज जातात. इथे सोडा किंवा बेकिंग पावडर ओल्या जिन्नसांना भेटली की कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो आणि साचा लगेच ओव्हनमध्ये जातो. लगेच जावाच लागतो, कारण सुटलेला वायू आपल्यासाठी थांबून राहत नाही.

ही सोय फार जुनी नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत पर्लअॅश, म्हणजे लाकडाच्या राखेपासून काढलेलं पोटॅशियम कार्बोनेट, पीठ फुगवायला वापरायला लागले. १८४३ मध्ये इंग्लंडमधल्या अल्फ्रेड बर्ड या रसायनज्ञानं बेकिंग पावडर बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट चालत नसे. आयर्लंडमधला सोडा ब्रेडही एकोणिसाव्या शतकातलाच. तेव्हा ज्यांनी ‘क्विक’ म्हटलं त्यांच्या डोळ्यांसमोर यीस्टचा पाव होता. त्याच्या मानानं झटपट.

म्हणून ‘झटपट’ नको. ‘न आंबवता केलेला’ हा खरा अर्थ आहे. ‘बिनआंबवणीचा ब्रेड’ कसं वाटतं?

आणि ‘लेव्हनिंग एजंट’ला काही जण ‘खमीर’ लिहितात, ते मात्र टाळा. खमीर आंबवतं. सोडा काही आंबवत नाही, तो नुसता फुगवतो. ‘फुगवणारा जिन्नस’ म्हणा, किंवा सरळ नाव घ्या. नावही पूर्ण घ्या : ‘खाण्याचा सोडा’. नुसतं ‘सोडा’ वाचून मोठी माणसं बाटलीतला समजू शकतात, धुण्याचाही समजू शकतात.

प्रतिसाद ३

‘बिनआंबवणीचा ब्रेड’ हे पाठ्यपुस्तकातलं वाटतं. कोणी म्हणणार नाही.

माझा आक्षेप ‘पाव’ला आहे. पाव हा शब्द पोर्तुगीज ‘पाँव’वरून आला आणि मराठीत तो यीस्टच्याच वस्तूला चिकटला. बनाना ब्रेडला ‘केळ्याचा पाव’ म्हटलं की ऐकणाऱ्याला पावात केळं घातलेलं दिसतं. त्यापेक्षा पदार्थाचं नाव द्या आणि पुढे चला. ‘क्विक ब्रेड’ हे वर्गाचं नाव आहे, पदार्थाचं नाही. पाककृतीत वर्गाचं नाव लागतंच कशाला?

इंग्रजीतली नावं तरी कुठे शहाणी आहेत? अमेरिकी ‘कॉफी केक’मध्ये कॉफी नसते, तो कॉफीबरोबर खायचा असतो, ब्रिटनमध्ये त्याच नावाच्या केकात कॉफी असते. ‘बिस्किट’ म्हणजे मुळात दोनदा भाजलेलं, पण अमेरिकी बिस्किट एकदाच भाजतात आणि ते मऊ असतं. इंग्लिश मफिन यीस्टचं, अमेरिकी मफिन बेकिंग पावडरचं. आपण भाषांतर करून हा गोंधळ निस्तरू शकणार नाही.

प्रतिसाद ४

नामांवर एवढा खल चालला आहे, पण माझ्या मते नामं कशीही ठेवली तरी पदार्थ बिघडत नाही. क्रियापदं चुकली तर बिघडतो. इंग्रजी पाककृतीत ‘मिक्स’, ‘बीट’, ‘क्रीम’, ‘फोल्ड’, ‘स्टर’ असं वेगवेगळं लिहिलेलं असतं आणि मराठीत बहुतेक जण या सगळ्याचं ‘फेटा’ करून टाकतात. बनाना ब्रेड चिवट होतो तो तिथे.

मराठीकडे शब्द कमी नाहीत, उलट इंग्रजीपेक्षा जास्तच निघतील.

‘क्रीम’ करणं म्हणजे फेसणं. लोणी आणि साखर एकत्र घासून, घोटून हलकी आणि फिकी करायची. साखरेचे कण लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे कोंडतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे फारसे तयार करत नाही, आहेत तेच मोठे करते. त्यामुळे केक किती हलका होणार ते बरंचसं या पायरीवर ठरतं. हा शब्द मागे पडत चालला आहे, त्याच्या जागी ‘फेटणं’ येतंय. फेटणं पातळ वस्तूचं : अंडं, साय, दही. फेसायचं ते स्निग्ध, घट्टसर.

ढवळणं म्हणजे नुसतं हलवत राहणं, पातळ असलेलं.

आता क्विक ब्रेडचा नेमका शब्द : कालवणं. मफिन आणि बनाना ब्रेड करताना कोरडे जिन्नस एका भांड्यात, ओले दुसऱ्यात, आणि शेवटी ओलं कोरड्यात ओतून जेमतेम एकत्र करायचं. दहा-बारा वेळा चमचा फिरला की पुरे. गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या. मैद्याला पाणी लागलं आणि तो घोटला गेला की त्यातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाचे धागे ताणले जातात. पावाला ते हवे असतात, म्हणून तर आपण तो मळतो. मफिनमध्ये तेच धागे शत्रू. जास्त ढवळलेलं मफिन कापलं की आत उभे लांबट बोगदे दिसतात आणि वरचं टोक शंकूसारखं निघतं. इंग्रजीत ‘डोंट ओव्हरमिक्स’ अशी ताकीद द्यावी लागते. मराठीत ‘नुसतं कालवून घ्या’ म्हटलं की ताकीद शब्दातच आली. कालवताना कोणी जोर लावत नाही.

‘फोल्ड’ला एक शब्द नाही, शोधूही नका. ‘खालून वर घेत अलगद मिसळा’ असं लिहा. फेटलेला अंड्याचा पांढरा भाग घालताना हेच करायचं असतं. ‘घडी घालणं’ असं एकदा वाचलंय, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

मळणं आणि तिंबणं या दोन्ही पावाच्या. इथे आल्या तर समजायचं की पाककृती चुकलीय. स्कोनचा गोळाही मळायचा नसतो, हातानं नुसता जुळवायचा.

प्रश्नकर्ती

फेसणं! आजीच्या तोंडी होता हा शब्द, मी विसरूनच गेले होते.

स्कोनचा विषय निघाला म्हणून विचारते, त्यात मैद्यात लोणी ‘रब इन’ करायला सांगतात. याला ‘मोहन घालणं’ म्हटलं तर? खुसखुशीतपणा हाच हेतू आहे ना दोन्हीकडे?

प्रतिसाद ५

हेतू एक, तापमान उलटं. मोहन म्हटलं की वाचणारी व्यक्ती तेल किंवा तूप गरम करायला घेईल, कडकडीत सुद्धा. स्कोनला लोणी फ्रीजमधलं, टणक हवं. त्याचे छोटे तुकडे बोटांच्या टोकांनी पिठात चोळायचे, तळहात लावायचा नाही, तो उबदार असतो. पिठात ते तुकडे अखंड राहतात, ओव्हनमध्ये वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. गरम मोहनानं पिठाचा कणन् कण माखला जाईल, खुसखुशीत होईल, पण पदर येणार नाहीत. म्हणून ‘थंड लोणी पिठात चोळा, रव्याएवढे कण दिसेपर्यंत’. मोहन नको.

शब्द बरोबर असून वस्तू चुकण्याचं आणखी एक उदाहरण ‘बटरमिल्क’. कोशात ‘ताक’ सापडेल आणि मूळ अर्थानं ते बरोबरही आहे : लोणी काढल्यावर उरतं ते. पण आजच्या पाककृतींतलं बटरमिल्क म्हणजे दुधाला विशिष्ट जिवाणूंचं विरजण लावून केलेलं दाट, आंबट दूध. त्याच्या जागी पाणीदार ताक ओतलं की मिश्रण सैल होतं आणि मधला भाग बसतो. पाऊण कप दही आणि पाव कप दूध एकत्र घुसळलं की एक कप बटरमिल्कचं काम भागतं. पाककृतीत ‘ताक’ न लिहिता हेच लिहा. त्याचा आंबटपणा महत्त्वाचा आहे, कारण खाण्याच्या सोड्याला आम्ल मिळालं नाही तर तो नीट फुलत नाही आणि साबणासारखी चव मागे राहते. बेकिंग पावडरमध्ये आम्ल कोरड्या रूपात आधीच मिसळलेलं असतं, म्हणून दोन्ही एकमेकांच्या जागी तितक्याच मापानं घालता येत नाहीत. साधारण एक कप मैद्याला पाव चमचा सोडा पुरतो, बेकिंग पावडर मात्र एक ते सव्वा चमचा लागते.

प्रतिसाद ६

फळांकडे कोणी वळलंच नाही. ‘फ्रूट केक’चं ‘फळांचा केक’ केलं की ताजी फळं डोळ्यांसमोर येतात. इंग्रजीत तो शब्द सुकवलेल्या आणि पाकवलेल्या फळांनी गच्च भरलेल्या केकसाठी आहे, जो १५० अंशांच्या आसपास मंद आचेवर दोन-तीन तास भाजतात आणि जो आठवडे टिकतो. केळं, सफरचंद किंवा संत्र्याचा रस घालून केलेला न्याहारीचा केक हे वेगळंच प्रकरण. पहिल्याला ‘सुक्या फळांचा केक’ म्हणा. ‘सुकामेवा’ म्हणू नका, त्यात काजू-बदामही येतात.

‘कँडीड पील’ला ‘पाकवलेली साल’ हा उत्तम शब्द आहे. ‘झेस्ट’ला मात्र नुसती ‘साल’ पुरणार नाही. ‘वरची रंगीत साल किसून’ असं हवं, कारण खालचा पांढरा थर कडू असतो.

द्राक्षांची तऱ्हा अशी की इंग्रजी पाककृतीत रेझिन, सल्ताना, करंट अशी तिन्ही येतात. तिन्ही द्राक्षंच. करंट म्हणजे बारीक काळी सुकी द्राक्षं. नाव ग्रीसमधल्या कॉरिंथवरून पडलं. त्याच नावाची झुडपावरची आंबट फळं वेगळी, त्यांचा द्राक्षाशी संबंध नाही. आपल्याकडे बेदाणे आणि मनुका असा भेद आहे. बेदाणा म्हणजे फारसीत ‘दाणा नसलेला’, बिनबियांचा. केकला तेच बरे, मनुकेची बी दाताखाली आली की मजा जाते. सल्तानाला बिनदिक्कत बेदाणे लिहा. करंटला ‘बारीक काळे बेदाणे’.

फळं तळाला बसू नयेत म्हणून मैद्यात घोळवायला सांगतात. त्यानं थोडा फरक पडतो, फार नाही. मिश्रण पुरेसं दाट आणि फळांचे तुकडे लहान असले की ती बसत नाहीत. पाकातल्या चेरी मात्र धुऊन, पुसून घ्याव्यात. चिकट पाकामुळे त्या घसरत खाली जातात.

प्रतिसाद ७

‘क्रम्ब’ म्हणजे चुरा नव्हे. एका अनुवादात ‘या केकचा चुरा मऊ असतो’ असं वाचलं होतं. ब्रेडच्या संदर्भात कडेच्या आतला भाग तो क्रम्ब. त्याला जाळी हा शब्द बसतो : बारीक जाळी, मोकळी जाळी, दाट जाळी. फेसून केलेल्या केकची जाळी बारीक आणि एकसारखी, कालवून केलेल्या ब्रेडची जरा ओबडधोबड. तशीच असायला हवी.

आणि ‘बॅटर’. आपण कोरड्याला पीठ म्हणतो, मळलेल्याला पीठ म्हणतो, ओतायच्यालाही पीठच. त्यामुळे कोरडं असताना ‘मैदा’ आणि ओलं झाल्यावर ‘मिश्रण’ असं ठरवून टाका. दाटपणासाठी आपले शब्द वापरा. ओतता येण्याजोगं ते सरसरीत किंवा पळीवाढं. मफिनचं त्याहून दाट, चमच्यावरून धप्पकन पडणारं.

प्रश्नकर्ती

‘क्विक ब्रेड’ हे नाव काढूनच टाकलं, प्रतिसाद ३ चं पटलं. बनाना ब्रेडची पाककृती आता अशी झाली आहे :

"ओव्हन १७५ अंशांवर तापत ठेवा. २५० ग्रॅम मैदा, १ चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ एकत्र चाळा. दुसऱ्या भांड्यात ३ पिकलेली केळी कुस्करा. त्यात १५० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम वितळवून गार केलेलं लोणी, २ अंडी आणि पाव कप दही घालून फेटा. हे मैद्यात ओतून नुसतं कालवा, गुठळ्या मोडत बसू नका. मूठभर बेदाणे अलगद मिसळा. लोणी लावलेल्या लांबट साच्यात घालून लगेच ओव्हनमध्ये ठेवा. ५५ ते ६० मिनिटं, वरून सोनेरी होईपर्यंत भाजा. मधोमध काडी टोचून पाहा, कोरडी निघाली की झालं."

प्रतिसाद ४

छान उतरलीय. ‘फेटा’ इथे बरोबर आहे, अजून मैदा आलेला नाही.

प्रतिसाद ७

दोन बारीक गोष्टी. काडी ‘कोरडी’ची वाट पाहिली तर बनाना ब्रेड सुकेल. ‘काडीला ओलं मिश्रण लागू नये, दोन-चार ओलसर कण चालतील’ असं करा. आणि काडी केळ्याच्या तुकड्यात किंवा बेदाण्यात गेली तर चिकटच निघणार, तेव्हा दुसऱ्या जागी टोचून पाहायला सांगा.

प्रतिसाद ५

‘सोनेरी’ काढा. सोडा आणि केळ्यातली साखर यांमुळे हा ब्रेड गडद होतो. सोनेरी दिसताच बाहेर काढला तर आत कच्चा असेल. ‘खरपूस तपकिरी’ लिहा, आणि पाऊण तासातच फार गडद वाटला तर वरून फॉइल झाकायला सांगा.