आईंना घेऊन चार दिवस अंदमान: बाराटांग गाळाच
हॅवलॉक, नील आणि बाराटांग ही तिन्ही बेटं चार दिवसांत बसवताय, त्यातलं बाराटांग सरळ गाळा. पहाटे सुटणारा गाड्यांचा ताफा आणि तासन् तास गाडीत बसणं गुडघेदुखीवाल्यांना झेपत नाही. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरची वाळू सपाट आहे, आई मनसोक्त चालतील. मात्र हिवाळ्यात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, चारच्या आत पोचा. नीलचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच गाठता येतो, तोही निसरड्या खडकांवरून. तिथे त्यांना नेऊ नका.

बोटीत खालच्या मजल्यावर, मधोमध बसवा. उलटीची गोळी अर्धा-एक तास आधी. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, जिने सावकाश चढू द्या. आणि परतीच्या विमानाच्या दिवशी बोटप्रवास अजिबात नको, समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात.