‘आइस्ड’ला काय म्हणावं : गार, थंड की बर्फातली? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

ओळीमागची ओळ
एस्प्रेसो, म्हणजे दाबानं काढलेली दाट कॉफी, बनवणाऱ्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं मराठी तपासते आहे. आइस्ड लाटेच्या (एस्प्रेसो, दूध आणि बर्फ) कृतीत पहिल्या भाषांतरात असं आहे : ‘एस्प्रेसो निववून घ्या आणि थंड दुधात मिसळा.’ मूळ कृतीत एस्प्रेसो गरम असतानाच बर्फ घातलेल्या दुधावर ओतायची आहे. मी ‘निववून’ काढलं, तर आक्षेप आला की नाव ‘गार लाटे’ आहे, मग एस्प्रेसोही गारच घालणार ना. ‘आइस्ड’ला नेमका शब्द कोणता? प्रमाण : १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम एस्प्रेसो, १२० मिली दूध, १२० ग्रॅम बर्फ.

भरड
‘निववून’ काढलंत ते बरोबर केलंत. गरम वस्तू निवते ती वेळ जाऊन, आपली आपण. तेवढ्या वेळात एस्प्रेसोवरचा फेस बसतो, वास उडतो. ‘गार’ ही नुसती अवस्था झाली. फ्रिजमधून काढलेली बाटलीही गारच. इथे बर्फ हा घटक आहे, त्याचं वितळलेलं पाणी धरूनच प्रमाण ठरतं. म्हणून ‘बर्फातली लाटे’.

दुधावरची साय
‘गार’ असा सोडू नका. आकाशातून पडतात त्या गारा बर्फाच्याच की! या शब्दाच्या पोटातच बर्फ आहे. ‘थंड’ला तो गुण नाही. धंदा थंड पडतो, माणूस थंड असतो.

काना-मात्रा
मग गारगोटीतही बर्फ शोधावा लागेल. व्युत्पत्ती राहू द्या, आधी ‘लाटे’ दुरुस्त करा. इटालियन ‘त’ दंत्य आहे आणि दुहेरी आहे : लात्ते. अर्थ नुसता ‘दूध’. ‘ट’ आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेनं आला. तसंच ‘मक्कियातो’ हा दुसरा कॉफीप्रकार, म्हणजे डाग पडलेला. हा अर्थ कळला की कृतीही कळते : गरम प्रकारात कॉफीवर दुधाचा डाग, बर्फाच्या प्रकारात बहुतेक ठिकाणी उलट, दुधावर एस्प्रेसोचा.

भरड
वाचणारा ‘लाटे’ म्हणतो, ‘लात्ते’ वाचून तो अडखळेल. पण डागाचा मुद्दा कामाचा आहे. गरम एस्प्रेसो थंड दुधापेक्षा हलकी, म्हणून बर्फाच्या खड्यावर हळू धार धरली तर ती वर तरंगते आणि थर दिसतो. त्याच एस्प्रेसोत १० ग्रॅम साखर विरघळवली की ती जड होऊन खाली उतरते आणि थर मोडतो. थर हवा असेल तर गोडवा पाकातून, तोही आधी दुधात घाला. साखर आणि पाणी वजनानं सारखं घेतलेला १५ ग्रॅम पाक पुरतो. कोरडी साखर गार दुधात टाकली तर तळाशी बसून राहते.

कडवट
कृतीत ‘पाणचट झाल्यास बर्फ कमी करा’ असं असेल तर तेही बदला. ३६ ग्रॅम एस्प्रेसो पेल्यात पडते तेव्हा ७० अंशांच्या आसपास असते. ती शून्यापर्यंत आणायला सुमारे ३० ग्रॅम बर्फ वितळतो, आणि ५ अंशांवरच्या दुधासाठी आणखी ७. पेल्यात बर्फ २०० ग्रॅम असला तरी त्या उष्णतेनं एवढाच वितळणार. ३० ग्रॅमच घातला तर सगळा विरघळेल आणि पेय तरीही पुरतं गार होणार नाही. पाणी कमी हवं तर एस्प्रेसो २७ ग्रॅमवर थांबवा किंवा दूध कमी करा.

दुधावरची साय
एस्प्रेसो आधी दुधात ओतली तर बर्फ वाचत नाही का?

कडवट
नाही. उष्णता तेवढीच, वाट वेगळी. फरक खड्यांच्या आकाराचा आहे : बारीक चुरा लगेच वितळतो, मोठे खडे हळू, म्हणून पहिले घोट दाट लागतात.

काना-मात्रा
पुस्तिकेत आणखी काय आहे? ‘शॉट (एका वेळची एस्प्रेसो) ओढा’ असेल तर खोडा. ते दांडीच्या यंत्रांवरून, १९४० च्या दशकातल्या गाजिया या इटालियन कंपनीच्या वगैरे, आलेलं आहे. तिथे खरोखर दांडी ओढायची असायची. मराठीत ‘काढा’.

ओळीमागची ओळ
‘ओढा’ नाही, ‘काढा’च आहे. पूड मात्र ‘ठासून भरा’ असं आहे.

भरड
‘ठासून’ नको. बंदूक ठासतात. वाचणारा जोर लावेल आणि पूड एका बाजूला कललेली राहील. मग पाणी पातळ बाजूनं वाट काढतं, १२-१५ सेकंदांत फिकट धार येते आणि दुधात तिची चवच लागत नाही. ‘सपाट दाबा’ लिहा. २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम उतरली पाहिजे. त्याआधी उतरली तर दळण बारीक करा.

दुधावरची साय
सोयाच्या दुधाबद्दल सूचना आहे का? ते एस्प्रेसोच्या आंबटपणानं आणि उष्णतेनं फाटतं.

काना-मात्रा
‘फाटतं’ मला हिंदीच्या वळणाचं वाटतं. मराठीत दूध नासतं.

दुधावरची साय
‘नासलं’ वाचून माणूस पेला ओतून देईल. हे खराब झालेलं नसतं, गुठळ्या आणि पाणी वेगळं होतं एवढंच. दोन गोष्टींना दोन शब्द हवेत.

कडवट
शब्द कोणताही घ्या, उपाय नीट छापा. गडद भाजलेली, कमी आंबट पूड घ्या. एस्प्रेसो आधी बर्फावर ओतून १५ सेकंद ढवळा, मग सोयाचं दूध. उष्णता गेल्यावर गुठळ्या कमी होतात.

ओळीमागची ओळ
म्हणजे सोयाच्या कृतीत ‘एस्प्रेसो निववून घ्या’ बरोबर ठरतं?

भरड
बर्फावर ओतलेली ‘निवते’ असं मी म्हणणार नाही. ती गारठते.

काना-मात्रा
गारठतो तो जीव. वस्तू निवते, मग ती बर्फानं का असेना.