चार माणसांच्या ऑफिसला अ‍ॅस्पेन कशाला? डीडब्ल्यूसिमवर भागतं!

मळीवाला:
सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीजवळ आमचं छोटं डिझाइन ऑफिस आहे. बहुतेक कामं साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीची. जुन्या कॉलमची, म्हणजे अल्कोहोल पाण्यापासून वेगळं करणाऱ्या उंच मनोऱ्याची, क्षमता वाढवायची, वाफ वाचवायची. आजवर एक्सेल आणि हातानं काढलेल्या मॅककेब-थील आलेखांवर (कॉलमच्या आत किती ट्रे, म्हणजे आडव्या थाळ्या, लागतील ते त्यावरून कळतं) निभावलं. परवा अ‍ॅस्पेन प्लसचं, म्हणजे अख्खा प्लांट कॉम्प्युटरवर चालवून बघायच्या सॉफ्टवेअरचं, कोटेशन आलं, आकडा वाचेपर्यंत चहा गार झाला. माझं मत स्पष्ट आहे. तेच काम करणारं डीडब्ल्यूसिम फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आयआयटी मुंबईच्या फॉसी या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या प्रकल्पानं त्यावर सोडवलेल्या फ्लोशीट (प्लांटच्या गणितासकट आकृत्या) मोफत ठेवल्यात. इथेनॉल-पाण्याला एवढा थाट कशाला?

विजापूर_रोड:
थाट आम्हाला नको असतो ओ, गिऱ्हाइकाला हवा असतो. कारखान्याचा सल्लागार फाइल मागतो. ती त्याच्याकडे उघडली नाही की बिल अडलं. आणि पैसे नुसत्या चकचकीत पडद्याचे नसतात. अ‍ॅस्पेनचं काम १९७६ला एमआयटीत सुरू झालं, अमेरिकन सरकारच्या पैशावर, तेलटंचाईच्या दिवसांत. १९८१ला कंपनी झाली. तेव्हापासून हजारो प्लांटवर घासून निघालंय. त्यातली रसायनांच्या गुणधर्मांची डेटाबँक तुम्ही फुकटात कुठून आणणार?

शेंगाचटणी:
डेटाबँक असून माणूस कसा फसतो ते सांगतो. महागाच्या सॉफ्टवेअरवरच. आमच्याकडच्या नव्या पोरानं अख्खा प्लांट विल्सन मॉडेलवर (मिश्रणातले द्रव एकमेकांशी कसे वागतात ते सांगणारं समीकरण) चालवला. गणित जुळल्याची हिरवी खूण आली, पठ्ठ्या खूश. मी विचारलं, फ्युसेल ऑइल, म्हणजे डिस्टिलरीतली जड अल्कोहोलं, डिकँटरमध्ये (थर वेगळे करायच्या टाकीत) वेगळं का होईना? पडद्यावर एकच द्रव! प्लांटवर मात्र काचेतून तेलाचा पिवळट थर वर तरंगताना दिसतोय. विल्सनच्या समीकरणाला द्रवाचे दोन थर दाखवताच येत नाहीत, गणितातच बसत नाही ते. एनआरटीएल हे दुसरं मॉडेल लावलं, दोन थर आले. एनआरटीएल १९६८पासून छापील आहे आणि डीडब्ल्यूसिममध्येही आहे. मग लाखो रुपये कशाचे दिले?

विजापूर_रोड:
अर्धंच सांगितलंत. एनआरटीएल दोन्हीकडे असेल, पण फ्युसेल ऑइलमधलं मुख्य आयसोअमाइल अल्कोहोल आणि पाणी, या जोडीचे त्यात भरायचे आकडे? ते नसले तर युनिफॅकचा, म्हणजे रेणूच्या रचनेवरून काढलेला, अंदाज घ्यावा लागतो, आणि अंदाजावर मी तरी ट्रे कापायला सांगणार नाही.

मळीवाला:
ते आकडे छापील तक्त्यांतून काढून हातानं भरता येतात, साहेब. एक दुपार जाते. वर्षाच्या लायसन्सपुढे दुपार स्वस्तच की.

बल्क_ड्रग:
तुमचं कंटिन्यूअस, सतत चालणाऱ्या प्लांटवाल्यांचं बरं आहे. आमच्याकडे रिअ‍ॅक्टर सकाळी भरतो, रात्री उतरवतो. टोल्युइन, मिथेनॉल, आयपीए असे सॉल्व्हंट, शिवाय मागच्या बॅचचा उरलेला माल. त्या खिचडीची फ्लोशीट मांडून बघितली. शेवटी लॅबमधलं छोटं ऊर्ध्वपातन आणि जीसीचा, म्हणजे मिश्रणात काय किती ते मोजणाऱ्या यंत्राचा, कागद हेच कामी आले.

नवा_बीई:
क्रॅक व्हर्जन मिळतं की ओ सगळ्यांचं! आमच्या होस्टेलवर होतं.

शेंगाचटणी:
होस्टेलवर ठीक होतं बे. इथं रिपोर्टवर आपली सही असते. ओळखीच्या एका ऑफिसला नोटीस आली, तेव्हा सहा महिन्यांची कमाई त्यातच गेली.

मळीवाला, एक सांगा, तुम्ही प्रेशर किती धरता?

मळीवाला:
१०१.३ किलोपास्कल. डिफॉल्ट.

शेंगाचटणी:
हेच ते! सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर. इथं हवेचा दाब ९६च्या आसपास, म्हणजे इथं गेज शून्यावर असला तरी १०१ नसतो. कॉलमच्या माथ्याचं तापमान एक-दीड अंशानं खाली येतं. थोडं वाटतं, पण ८० टक्के आणि ९५ टक्के अल्कोहोलच्या उकळबिंदूंत दोन अंशांचाही फरक नाही. तापमान बघून ताकद ठरवणारा ऑपरेटर इथंच चकतो. आणि उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचं पाणी किती गरम येतं ते कुठलंच सॉफ्टवेअर आपणहून विचारत नाही.

विजापूर_रोड:
हा मुद्दा मान्य. पण तो माझ्याच बाजूचा आहे. एवढं बघायला अनुभवी माणूस लागतो, आणि त्याची दुपार स्वस्त नसते. सल्लागाराच्या फाइलचं काय, त्याचं उत्तर अजून आलं नाही.

मळीवाला:
उत्तर नाही माझ्याकडे. अशी कामं महिना-दोन महिने बाहेरच्या लायसन्सवाल्याकडून करून घेईन, विकत घेणार नाही. बाकी डीडब्ल्यूसिमवरच. शनिवारी ९६ धरून कॉलम पुन्हा चालवतो आणि माथ्याचं तापमान लॉगशीटशी ताडून इथं टाकतो.

विजापूर_रोड:
लॉगशीटच्या आधी थर्मोवेल (तापमापक ठेवायची नळी) उघडून बघा. आमच्या मागच्या कामात त्यात उष्णता पोचवणारं तेलच नव्हतं, तीन अंश कमी दाखवत होतं.