हेम्पचं बी: पूर्ण सुकायची वाट पाहू नका

कॅनडातल्या प्रेअरीत (गवताळ मैदानी प्रदेशात) हेम्पचं, म्हणजे बी आणि धाग्यासाठी घेतल्या जाणाऱ्या भांगेच्या जातीच्या पिकाचं, बी काढताना ‘कणीस पूर्ण सुकू द्या’ असं कुणीतरी सुचवलंय. माझ्या मते ओल्या सप्टेंबरात तेच महागात पडतं. या पिकाचं बी खालून वर पिकतं. शेंडा हिरवा असतानाच खालचं तपकिरी बी झडू लागतं, पाखरं उतरतात आणि दाट कणसात पाणी साचून करडी बुरशी धरते. शिवाय खोडातला धागा अधिक चिवट होऊन हार्वेस्टरच्या (कापणी-मळणी यंत्राच्या) फिरत्या शाफ्टला गुंडाळतो. बेअरिंग तापलं तर आगसुद्धा लागते!

म्हणून 70 ते 80 टक्के बी पिकलं की कापणी धरा. दव उडाल्यावर निघा, हेडर (यंत्राचा पुढचा कापणारा भाग) उंच ठेवून फक्त कणसं घ्या आणि शाफ्ट वरचेवर थांबून साफ करा. बियांत 12 ते 18 टक्के ओलावा चालेल, पण पुढची घाई इथे आहे: त्याच दिवशी, काही तासांतच कोठीत पंखा सुरू हवा. हिरवा पाला मिसळलेला ढीग रात्रीत तापतो. साठवताना ओलावा 9 टक्क्यांखाली आणा. मळणीचा सिलिंडर मंद ठेवा, म्हणजे बी फुटत नाही. फुटलेल्या बियांतलं तेल लवकर खवट होतं, मग खाद्य म्हणून बी घेणारा खरेदीदार माल परत पाठवतो.